व्हेसुव्हियसचा शेजार

मंडळी, डोंगराच्या पायथ्याला गाव असणे यात आपल्याला काही नवल वाटत नाही. डोंगर वाऱ्याला आडोसा देतो, गुरांना चारा देतो, झऱ्याचे पाणी देतो. आपली निम्मी गावे कुठल्या ना कुठल्या डोंगराच्या ओट्यात वसलेली आहेत. पण समजा, एखाद्या डोंगराने पायथ्याची गावे एकदा नव्हे, दहादा जाळली आणि पुरली. आणि तरीही माणसे राख झाडून पुन्हा त्याच जागी घराचा पाया खणू लागली, तर? तुम्ही म्हणाल, असे वेडे लोक असतील कुठे? आहेत. वेडे मात्र नाहीत, तुमच्याआमच्यासारखेच कष्टाळू शेतकरी, कोळी आणि कारागीर आहेत. इटली देशातल्या व्हेसुव्हियस नावाच्या ज्वालामुखीची आणि त्याच्या या शेजाऱ्यांची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

प्रथम जागा ध्यानात घ्या. शाळेत इटलीचा नकाशा असेल तर गुरुजींनी तो भिंतीवर लावावा. बुटासारखा दिसणारा हा देश. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, नडगीच्या थोडे खाली, नेपल्सचे आखात आहे. आखाताच्या काठी नेपल्स हे मोठे शहर, आणि शहराच्या पूर्वेला, पंधरा किलोमीटरच्या आतच, हा डोंगर उभा आहे. उंची १२८१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून साडेतीनशे मीटरांनी कमीच. दुरून पाहिले तर त्याला दोन माथे दिसतात. उत्तरेकडचा सोम्मा हा एका जुन्या, मोठ्या डोंगराचा उरलेला काठ आहे. फुटक्या रांजणाचा अर्धा काठ उभा राहावा आणि आत कोणी धान्याची रास ओतावी, तशी त्याच्या आत व्हेसुव्हियसची नवी रास उभी आहे.

येथे एखादे गुरुजी म्हणतील, आपला सह्याद्रीही ज्वालामुखीतूनच झाला ना? अगदी खरे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यांतून शिलारस वाहिला, थरावर थर साचले, आणि त्याच काळ्या दगडाची झीज होऊन आपली कापसाची काळी जमीन तयार झाली. पण तो शिलारस पातळ होता. व्हेसुव्हियसचा शिलारस बहुधा घट्ट आणि आत वायू कोंडलेला असा असतो. घरातल्या मायबहिणींना हा फरक चटकन कळेल. पातळ कढी सांडली तर ताटभर पसरते. घट्ट पिठले चुलीवर रटरटू लागले की बुडबुडा फुटतो आणि हातावर चटका देऊन जातो. कोंडलेला वायू घट्ट शिलारसाला फोडून बाहेर येतो, तेव्हा त्याची राख होते, दगड होतात, आणि ते आभाळात फेकले जातात. कधी राख, कधी लाव्हा, असे एकावर एक थर साचून जो उंच निमुळता डोंगर तयार होतो, त्याला स्तरित ज्वालामुखी म्हणतात. व्हेसुव्हियस त्या जातीचा.

या डोंगराचा एक स्वभाव नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सारी गोष्ट त्यावर आहे. तो शेकडो वर्षे गप्प बसू शकतो. माणसाचे आयुष्य साठ-सत्तर-ऐंशी वर्षांचे. आज्याने पाहिलेले नातवाला सांगितले, नातवाने ऐकले. पण त्याच्या नातवाला ती कहाणी वाटू लागते, आणि आणखी चार पिढ्यांनी कहाणीही विसरली जाते.

दोन हजार वर्षांपूर्वी असेच झाले होते. त्या काळचे रोमन लोक व्हेसुव्हियसला एक सुपीक, हिरवा डोंगर म्हणून ओळखत. उतारावर द्राक्षांचे मळे होते. इ. स. पूर्व ७३ मध्ये स्पार्टाकस या बंडखोर गुलामाने आपल्या साथीदारांसह याच डोंगरावर आसरा घेतला, आणि रानवेलींचे दोर वळून ते वेढ्यातून खाली उतरले. स्ट्राबो नावाच्या ग्रीक भूगोलकाराने मात्र एक गोष्ट हेरली. माथ्यावरचे दगड राखेच्या रंगाचे आणि आगीने खाल्ल्यासारखे दिसतात, तेव्हा हा डोंगर पूर्वी कधीतरी पेटत असावा, असे त्याने लिहून ठेवले. शहाण्याने लिहिले खरे, पण मळेवाल्यांनी ते वाचले असेल असे नाही. इ. स. ६२ मध्ये मोठा भूकंप झाला, पायथ्याच्या पाँपेई शहरातली घरे पडली. लोकांनी डागडुजी सुरू केली. ती अजून पुरी व्हायची होती, तोच इ. स. ७९ साल उजाडले.

त्या वर्षी एके दिवशी दुपारी डोंगराचा माथा फुटला. दिवस कोणता याविषयी दोन मते आहेत. जुन्या हस्तलिखितांवरून २४ ऑगस्ट मानत असत. परंतु २०१८ साली पाँपेईतल्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरमधली तारीख सापडली, तेव्हापासून पुष्कळ विद्वान हा उद्रेक ऑक्टोबरअखेरचा समजू लागले आहेत. आखाताच्या पलीकडच्या टोकाला मिसेनम येथे रोमन आरमाराचा तळ होता. तेथून सतरा वर्षांचा एक मुलगा हे पाहत होता. त्याचे नाव प्लिनी. डोंगरावरून ढगाचा एक उंच खांब निघाला आणि वर जाऊन पाइन वृक्षासारखा पसरला, असे त्याने पुढे टॅसिटस या इतिहासकाराला पत्रांतून कळविले. ही पत्रे आजही उपलब्ध आहेत. शास्त्रज्ञांना ती इतकी मोलाची वाटली, की अशा उद्रेकाला त्या मुलाच्या कुळाचेच नाव पडले आहे.

मुलाचा मामा थोरला प्लिनी आरमाराचा मुख्य होता, आणि मोठा ग्रंथकारही. मदतीसाठी त्याने गलबते काढली, पलीकडच्या स्टॅबिए गावी उतरला आणि तेथेच किनाऱ्यावर मरण पावला. याच थोरल्या प्लिनीने आपल्या ग्रंथात तक्रार केली आहे, की भारताशी चालणाऱ्या व्यापारापायी रोमची दरवर्षी पाच कोटी नाणी बाहेर जातात. त्या व्यापाराचा आपल्याशी संबंध कसा, ते थोडे पुढे सांगतो.

पाँपेईवर आधी हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडला. आपण पाय घासायला वजरी वापरतो ना, तसा हा दगड. एक खडा हातात घेतला तर वजन लागत नाही. पण तासन् तास तो पडत राहिला तेव्हा छपरे वाकली आणि कोसळली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याहून भयंकर गोष्ट घडली. तापलेला वायू आणि राख यांचे लोट डोंगरावरून जमिनीलगत धावत आले. अशा लोटापुढे घोडाही पळू शकत नाही. पाँपेईत जे मागे राहिले होते ते तेथेच गुदमरले. समुद्रकाठच्या हर्क्युलेनियम गावी असा लोट आदल्या रात्रीच पोचला होता. तेथे १९८० नंतरच्या खोदकामात होड्या ठेवण्याच्या कमानींखाली सुमारे तीनशे माणसांचे सांगाडे मिळाले. बायका, मुले, म्हातारे. कोणाजवळ दागिने, कोणाजवळ घराची किल्ली. होडी येईल म्हणून ती माणसे वाट पाहत होती. पाँपेई चार ते सहा मीटर राखेखाली गेले, हर्क्युलेनियम तर वीस मीटरांपर्यंत.

हर्क्युलेनियमचे खोदकाम १७३८ साली आणि पाँपेईचे १७४८ साली सुरू झाले. १८६३ मध्ये फिओरेल्ली या अधिकाऱ्याने एक युक्ती काढली. राखेत गाडलेल्या माणसाचे शरीर नष्ट होऊन तेथे पोकळी राही. त्या पोकळीत त्याने पातळ प्लास्टर ओतले, ते सुकल्यावर भोवतालची राख काढली, आणि शेवटच्या क्षणीचा माणूस जसाच्या तसा दिसू लागला. तोंडावर हात धरलेला, गुडघे पोटाशी घेतलेला. प्रवासी आज तेथे जातात, बेकरीतली दगडी जाती पाहतात, रस्त्यावर गाड्यांच्या चाकोऱ्या पाहतात, आणि या आकृत्यांपाशी येऊन गप्प होतात.

आता आपल्या महाराष्ट्राचा धागा. १९३८ साली पाँपेईत एका घरात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती सापडली. उंची सुमारे पंचवीस सेंटीमीटर, अंगावर भरगच्च दागिने, दोन बाजूंना दोन दासी. घडण उघडउघड भारतीय. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पुढे जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे तशाच धाटणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या, त्यामुळे पाँपेईची मूर्तीही याच भागात घडविली गेली असावी असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. सातवाहनांच्या काळी पैठण आणि तेरचा माल बैलगाड्यांवरून भडोचच्या बंदरी जाई आणि तेथून गलबतांनी पश्चिमेकडे. मराठवाड्याच्या मातीतल्या कोण्या कारागिराची कला व्हेसुव्हियसच्या राखेने साडेअठराशे वर्षे सांभाळून ठेवली, असे म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर डोंगर मधूनमधून जागा होत राहिला. इ. स. ४७२ मध्ये मोठा उद्रेक झाला. ११३९ मध्ये आणखी एक झाला, आणि मग जवळजवळ पाचशे वर्षे जवळपास शांतताच राहिली. पुन्हा तेच. माथ्यावरच्या खळग्यात रान माजले, आत उतरून गुरे चरू लागली. उतारावर वाड्या उठल्या. १६३१ च्या डिसेंबरात काही दिवस जमीन हादरत होती. १६ डिसेंबरच्या सकाळी डोंगर फुटला. तप्त लोट समुद्रापर्यंत गेले, वर चिखलाचे पूर आले. तीन हजारांहून अधिक माणसे आणि असंख्य गुरे मेली. नेपल्सच्या लोकांनी आपल्या संत जेन्नारोचे अवशेष घेऊन मिरवणूक काढली. संकटात ग्रामदैवताची पालखी काढावी, हे माणसाला सगळीकडे सारखेच सुचते.

पण त्या वेळच्या राज्यकर्त्याने आणखी एक गोष्ट केली, आणि ती फार शहाणपणाची होती. १६३२ साली नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयने पोर्तिची गावी रस्त्याच्या कडेला एक शिलालेख बसविला. हा लेख येणाऱ्या पिढ्यांना नावाने हाक मारतो आणि सांगतो, की ही गोष्ट तुमचीच आहे. हा डोंगर आज ना उद्या पुन्हा पेटणार. पण पेटण्याआधी तो गुरगुरतो, हलतो, धूर सोडतो. तेव्हा वेळ आहे तोवर निघा. घरदार, भांडीकुंडी, सोनेनाणे यांच्या लोभात थांबाल तर लोभासह जाल. सरकारी शिलालेखांत बहुधा राजाची स्तुती असते. हा शिलालेख लोकांचा जीव वाचावा म्हणून कोरलेला आहे. दगड आजही पोर्तिचीत आहे. आणि मौज पाहा, तेच पोर्तिची आज इटलीतल्या सर्वांत दाट वस्तीच्या गावांपैकी एक आहे!

१६३१ पासून १९४४ पर्यंतची तीन शतके डोंगर असा गप्प कधी बसलाच नाही. थोडी वर्षे विसावा, की पुन्हा धूर, पुन्हा लाव्हा. १७९४ साली लाव्हाचा ओघ तोर्रे देल ग्रेको या गावातून सरळ समुद्रात गेला. गाव पुन्हा तेथेच बांधले. आणि याच काळात पाहुण्यांची रीघ लागली. हॅमिल्टन हा इंग्रज वकील १७६४ पासून नेपल्सच्या दरबारी होता. तो कितीदा डोंगर चढला याची मोजदाद नाही. त्याने केलेल्या नोंदी हा ज्वालामुखीशास्त्राचा आरंभीचा पाया समजतात. जर्मन कवी गटे १७८७ च्या मार्चमध्ये तीनदा वर गेला. ज्यांना चढवत नसे त्यांना वाटाडे कमरेच्या पट्ट्याला धरून ओढत, किंवा खुर्चीत बसवून खांद्यावरून नेत. कित्येक घरांची चूल त्यावर पेटत असे. म्हणून १८८० साली दोराने ओढली जाणारी रेल्वे माथ्याजवळ पोचली, तेव्हा वाटाड्यांनी तिला कडकडून विरोध केला. या रेल्वेवर रचलेले 'फुनिकुली फुनिकुला' हे गाणे जगभर गेले.

शास्त्रज्ञही आले. १८४१ साली डोंगराच्या अंगावरच वेधशाळा उभारली गेली. ज्वालामुखीवर पाळत ठेवण्यासाठी बांधलेली ही जगातली पहिली वेधशाळा. १८७२ च्या उद्रेकात लाव्हा दोन्ही बाजूंनी वाहत असताना पाल्मिएरी हा तिचा संचालक जागा न सोडता नोंदी घेत राहिला. त्याच उद्रेकात जवळून मौज पाहायला गेलेले काही तरुण विद्यार्थी प्राणाला मुकले. १९०६ साली सान ज्युसेप्पे गावी लोक आसऱ्याला देवळात शिरले आणि राखेच्या भाराने छप्पर कोसळून शंभरावर माणसे दगावली. राख पावसाच्या पाण्यासारखी वाहून जात नाही. ती धाब्यावर साचते आणि भिजली की दुप्पट जड होते. ज्यांची घरे माळवदाची आहेत त्यांना हे निराळे सांगायला नको.

शेवटचा उद्रेक १९४४ च्या मार्चमध्ये झाला. दुसरे महायुद्ध चालू होते. इटलीच्या रणभूमीवर त्या काळी आपल्या मराठा पलटणीही लढत होत्या. १८ मार्चला लाव्हा वाहू लागला. सान सेबास्तियानो गावाच्या रस्त्यांतून तो इतका सावकाश सरकत होता, की लोकांना दारे-खिडक्यासुद्धा काढून नेता आल्या. मग एकेक घर त्याच्या रेट्याने कोसळले. राखेच्या भाराने छपरे पडून सव्वीस माणसे मेली आणि जवळच्या तळावरची सुमारे ऐंशी अमेरिकन विमाने निकामी झाली. ती दोराची रेल्वेही नष्ट झाली. गाव? ते त्याच जागी, थिजलेल्या लाव्हावरच पुन्हा उभे राहिले.

तेव्हापासून आठ दशकांहून अधिक काळ व्हेसुव्हियस शांत आहे. १९९५ पासून तो राष्ट्रीय उद्यान आहे. नेपल्सहून आगगाडीने एर्कोलानोला उतरावे, तेथून बस सुमारे हजार मीटर उंचीपर्यंत नेते. पुढे अर्धा-पाऊण तास पायी चढ. पायाखाली भुसभुशीत, तांबूस-करडी खडी सरकते. वाटेत १९४४ चा लाव्हा दिसतो. त्यावर करड्या रंगाचे दगडफूल चढले आहे, दुरून चांदी सांडल्यासारखे दिसते. नंगा दगड आधी दगडफूल धरते, मग त्या झिजेत गवत, मग पिवळ्या फुलांची झुडपे. माती कशी जन्मते हे शिकवायला याहून चांगली शाळा नाही. काठावर पोचले की सुमारे तीनशे मीटर खोल खळगा समोर येतो. आत आग दिसत नाही. कडेच्या फटींतून वाफेच्या बारीक रेषा तेवढ्या निघत असतात. पुष्कळ पाहुणे थोडे हिरमुसतात. एवढेच का, असे म्हणतात. मग ते मागे वळतात आणि त्यांना खाली समुद्रापर्यंत घरेच घरे दिसतात. पाहण्याजोगी खरी गोष्ट ती आहे.

या डोंगराच्या धोक्याच्या पट्ट्यात आज सहा ते सात लाख माणसे राहतात. का राहतात? पहिले उत्तर माती. राखेच्या जमिनीत पालाश भरपूर, निचरा उत्तम. येथली द्राक्षे आणि जर्दाळू नावाजलेले. लहान टोकदार टोमॅटोचे घोस बांधून शेतकरी ते आढ्याला टांगतात. आपण कांदा-लसणाच्या माळा टांगतो तसे. ते हिवाळाभर टिकतात. दुसरे उत्तर नेपल्सचे बंदर, कामधंदा. आणि तिसरे, मंडळी, तुम्हांला ठाऊक असलेले: वडिलांनी जेथे घर बांधले ते ठिकाण माणसाला सोडवत नाही. २००३ च्या सुमारास सरकारने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना तीस हजार युरोपर्यंत मदत देऊ केली होती. फार थोडे उठले.

म्हणून आता दुसरी तयारी केली आहे. वेधशाळा रात्रंदिवस भूकंप, वायू आणि जमिनीचा फुगवटा मोजते. इशारा मिळाला की ७२ तासांत सारा पट्टा रिकामा करायचा, आणि प्रत्येक गावाने इटलीच्या कोणत्या प्रांतात जायचे तेही आधीच ठरले आहे. १६३२ च्या दगडाने जे सांगितले तेच आज यंत्रे सांगतात. डोंगर आधी बोलतो, ऐकणारा हवा.

आपल्याकडे पेटता डोंगर नाही. पण नदी आहे, ओढा आहे, पावसाळ्यात सुटणारा डोंगरउतार आहे. घाटाच्या कोणत्या पायरीपर्यंत पाणी आले होते हे गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला अजून आठवत असेल. त्याच्यामागे ते कोण सांगणार? गुरुजनहो, हे काम तुमचे आहे. मुलांना घेऊन त्या म्हाताऱ्याकडे जा, खूण विचारा, भिंतीवर रंगाने आखून घ्या आणि शेजारी साल लिहा. ज्या गावाला आपली खूण ठाऊक आहे, त्या गावाला निघायला वेळ मिळतो.